पाहूं न देण्याचा हक्क

दुर्मिळ परदेशी चित्रपटाची प्रत एका रसिकानें दुसऱ्यास दिली, तर ती चोरी कीं विद्यादान, या प्रश्नावर चित्रपटप्रेमी मंडळींत नेहमीं वाद झडत असतो. एक पक्ष म्हणतो, मालकाच्या परवानगीवांचून घेतलेली वस्तु ती चोरीचीच. मग ती हिऱ्याची अंगठी असो वा जपानी चित्रपट असो. दुसरा पक्ष म्हणतो, कला सर्वांची आहे, तिला कुंपण कसलें? आमच्या मतें हे दोन्ही पक्ष आळशी आहेत. पहिल्यानें कायदा नीट वाचलेला नाहीं, आणि दुसऱ्यानें कलावंताच्या पोटाचा विचार केलेला नाहीं. खरा प्रश्न दोघांच्याहि हातून निसटतो. तो असा : जो मालक आपला चित्रपट या देशांत विकीत नाहीं, दाखवीत नाहीं, भाड्यानेंहि देत नाहीं, त्याला तो दुसऱ्यानें पाहूं नये असें म्हणण्याचा हक्क कोठून आला?

प्रथम पूर्वपक्षाचें देणें देऊन टाकूं. नव्या चित्रपटाची प्रत लांबवून विकणारा मनुष्य चोर आहे, याविषयीं आमच्या मनांत तिळमात्र संशय नाहीं. २०१६ सालीं 'सैराट' चित्रगृहांत चालू असतांनाच त्याची प्रत बाहेर फुटली. अशा कृत्यानें शेंकडों माणसांच्या श्रमांवर पाणी पडतें. २०२३ सालीं सिनेमॅटोग्राफ कायद्यांत दुरुस्ती होऊन अशा अपराधास तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व किमान तीन लाख रुपये दंड ठरला, त्याबद्दल आम्हांस मुळींच वाईट वाटत नाहीं. बाजारांत विकावयास ठेविलेली वस्तु पैसे न देतां उचलणें ही चोरीच. परंतु जी वस्तु बाजारांत आणलेलीच नाहीं, जिची किंमत देण्यास मनुष्य तयार असूनहि घेणारा कोणी नाहीं, तिची प्रत पाहिल्यानें मालकाचें कोणतें उत्पन्न बुडालें, हें पहिल्या पक्षानें आम्हांस हिशेब मांडून दाखवावें.

हा प्रश्न आम्ही कळंबासारख्या गांवाच्या बाजूनें पाहतों, आणि त्यास कारण आहे. आंबेगांव तालुक्यांतलें हें गांव पुणें-नाशिक रस्त्यावर वसलेलें आहे. या रस्त्याच्या एका टोकास दादासाहेब फाळक्यांचें नाशिक, तर दुसऱ्या टोकास 'प्रभात'चें पुणें. जवळच नारायणगांव, म्हणजे तमाशाची पंढरी. जत्रांच्या दिवसांत तमाशाच्या फडांबरोबर टुरिंग टॉकीजचे तंबूहि लागत, आणि माणसें जमिनीवर बसून रात्रीं उशिरापर्यंत पडद्याकडे डोळे लावीत. चित्रपटाचें वेड येथें शहरानें आणून दिलेलें नाहीं. तरी जागतिक चित्रपट म्हणून ज्याची थोरवी आपण गातों तो पाहावयाचा, तर येथील शाळामास्तरानें काय करावें? पुण्यांत २००२ पासून आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. तेथें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, चित्रपटमंडळें आहेत. पण कळंबाहून पुणें साठसत्तर किलोमीटर. संध्याकाळचा खेळ संपवून परतीची एस. टी. गांठणें ही एक परीक्षा, आणि सकाळीं वेळेवर शाळेंत हजर होणें ही दुसरी.

यावर कोणी म्हणेल, दरमहा वर्गणी घेऊन घरबसल्या चित्रपट दाखविणाऱ्या कंपन्या आहेत. आहेत खऱ्या. परंतु त्यांच्या फळीवर काय असावें हें त्यांचे करार ठरवितात. आज असलेला चित्रपट उद्यां करार संपतांच नाहींसा होतो. आणि पुष्कळ थोर चित्रपट तेथें कधीं आलेलेच नसतात. वर्गणी भरूनहि जी वस्तु मिळत नाहीं तिच्याविषयीं 'पैसे भरून घ्या' असा उपदेश करणें, म्हणजे कोरड्या विहिरीवर उभें राहून पाण्याचा भाव सांगणें होय.

'खेड्यांतल्या माणसांस हे चित्रपट समजणार काय?' अशीहि एक शहरी शंका आहे. तिचें उत्तर शेजारच्या कर्नाटकानें पूर्वींच देऊन ठेविलें आहे. शिमोगा जिल्ह्यांत हेग्गोडु नांवाचें लहानसें खेडें आहे. तेथें के. व्ही. सुब्बण्णा यांच्या 'नीनासम' संस्थेनें १९७० नंतरच्या दशकांत सुपारीच्या बागांत राबणाऱ्या माणसांपुढें 'बायसिकल थीव्ह्ज', 'राशोमोन', 'पथेर पांचाली' असे चित्रपट मांडले. पुण्याच्या संग्रहालयाचे पी. के. नायर आणि तेथील चित्रपट संस्थेचे प्राध्यापक सतीश बहादुर यांचें साह्य त्या उद्योगास होतें. जपानी लाकूडतोड्याची साक्ष खरी कीं खोटी, यावर हेग्गोडूची माणसें घरच्या भांडणासारखी बोलूं लागलीं. त्यांस पदवीची गरज पडली नाहीं. गरज होती ती रिळांची, आणि रिळें देणाऱ्या उदार हाताची. सुब्बण्णांस १९९१ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. हेग्गोडूस जें साधलें तें कळंबास साधणार नाहीं असें म्हणणाऱ्यानें आपला गर्व तपासून पाहावा.

आतां कायद्याकडे वळूं. आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ सालचा. वाचकांनीं त्याचें बावन्नावें कलम अवश्य वाचावें. त्यांत परवानगीवांचून काय करतां येतें याची यादी आहे, आणि ती मोठी बोधप्रद आहे. जें पुस्तक भारतांत विक्रीस मिळत नाहीं, त्याच्या तीनपर्यंत प्रती नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयास आपल्या उपयोगासाठीं करून घेतां येतात. म्हणजे न मिळणारी वस्तु वाचकास मिळावी, हें तत्त्व आमच्या कायद्यानें उघडपणें मान्य केलेलें आहे. परंतु तें पुस्तकापुरतें. चित्रपटाचें त्यांत नांव नाहीं. त्याच कलमांत असेंहि आहे कीं, हौशी मंडळीनें पैसे न घेतां नाटक केलें, तर तो हक्कभंग होत नाहीं. गांवच्या पोरांनीं देवळापुढें नाटक करावें, त्यास कायदा आडवा येत नाहीं. पण त्याच पोरांनीं त्याच देवळापुढें, तितकेच पैसे न घेतां, इटालियन चित्रपट दाखविला, तर मात्र तीं अपराधी! नाटक ही कला आणि चित्रपट हा केवळ माल, असा हा भेद. १९५७ सालीं रिळें महाग होतीं, यंत्रें मोठीं होतीं, तेव्हां या भेदाकडे कोणाचें लक्ष गेलें नसेल. आज त्याला कसलाहि आधार उरलेला नाहीं.

कायद्यांत दाद मागण्याची सोय मुळींच नाहीं असें नव्हे. मालकानें कृति लोकांपासून रोखून धरली, तर सक्तीच्या परवान्यासाठीं अर्ज करतां येतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही सोय परदेशी कृतींसहि लागू आहे. परंतु एका संध्याकाळीं चाळीस माणसांस एक चित्रपट दाखविण्यासाठीं वकील देऊन न्यायालयाची पायरी कोण चढणार? ज्या औषधाची किंमत रोगापेक्षां भारी, तें औषध दुकानांत असून नसल्यासारखेंच.

येथवर आम्ही पाहणाऱ्याच्या बाजूनें बोललों. आतां खुद्द चित्रपटाच्या बाजूनें बोलतों, कारण या वादांत प्राण त्याचाच जाणार आहे. १९२२ सालीं मुर्नाउ यानें जर्मनींत 'नोस्फेराटू' काढला. ज्या कादंबरीवरून तो रचला तिच्या लेखकाच्या विधवेची परवानगी घेतलेली नव्हती. तिनें दावा लावला, आणि १९२५ सालीं बर्लिनच्या न्यायालयानें सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. न्याय तिच्या बाजूस होता, यांत शंका नाहीं. परंतु तो हुकूम तंतोतंत पाळला गेला असता, तर मूकपटांच्या काळांतील एक अपूर्व कृति जगांतून कायमची गेली असती. कांहीं प्रती त्यापूर्वींच परदेशीं गेल्या होत्या म्हणून ती वांचली. ड्रायरच्या १९२८ सालच्या जोन ऑफ आर्कवरील चित्रपटाची मूळ निगेटिव्ह जळाली. त्याची चांगली प्रत १९८१ सालीं सांपडली ती नॉर्वेंतील एका मनोरुग्णालयांत. 'मेट्रोपोलिस'चा कापून टाकलेला बराचसा भाग २००८ सालीं हातीं आला तो ब्वेनोस आइरेस शहरीं, आणि त्याचें मूळ एका खाजगी संग्राहकाच्या प्रतींत होतें. तिन्ही वेळां चित्रपट वांचला तो मालकाच्या तिजोरींत नव्हे, तर दूर कोठें तरी, जेथें त्याची कोणी अपेक्षाहि केली नव्हती अशा जागीं.

आपल्याकडील हिशेब याहून करुण आहे. तोरण्यांचा १९१२ सालचा 'पुंडलिक' गेला. बाबूराव पेंटरांचा १९२५ सालचा 'सावकारी पाश' गेला. पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ सालचा, तोहि गेला. या चित्रपटांवर कोणाचा ना कोणाचा हक्क होता. हक्क कागदावर मुदतभर सुखरूप राहिला, चित्रपट मात्र उरला नाहीं. नायर यांनीं गांवोगांव हिंडून, फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून त्यांच्या चित्रपटांचे अवशेष मिळवून, १९९१ सालीं निवृत्त होईपर्यंत सुमारें बारा हजार चित्रपट पुण्यास गोळा केले. आणि तेथेंहि जानेवारी २००३ मध्यें आग लागून नायट्रेटवरील पुष्कळ जुनीं रिळें जळालीं. ज्यांच्या प्रती आधींच दुसऱ्या फितीवर उतरलेल्या होत्या ते चित्रपट राखेंतूनहि वांचले. ज्यांच्या नव्हत्या त्यांची नांवें तेवढीं यादींत राहिलीं. १९१९ सालच्या 'बिल्वमंगळ'चा उरलेला भाग २०१६ सालीं पॅरिसच्या संग्रहालयांतून आपल्याकडे आला, तो 'जमाई बाबू' या मूकपटाच्या प्रतीच्या बदल्यांत. दोन राष्ट्रांच्या संग्रहालयांनीं परस्परांस प्रती दिल्या, म्हणजे सांस्कृतिक देवघेव. आणि तेंच दोन रसिकांनीं केलें, म्हणजे चोरी! भेद असेल तर तो शिस्तीचा असेल, तत्त्वाचा खास नव्हे.

आणि या शिस्तीविषयींच आम्हांस आपल्या पक्षाच्या मंडळींशीं चार शब्द कडक बोलावयाचे आहेत. दुर्मिळ चित्रपट गोळा करणाऱ्यांत एक वर्ग असा आहे कीं, तो त्या प्रती दागिन्यांसारख्या जपतो. 'तुमच्यापाशीं काय आहे तें आधीं दाखवा, मग आमच्यापाशीं काय आहे तें सांगूं', ही त्यांची रीत. ज्याच्यापाशीं देण्यासारखें कांहीं नाहीं, त्यास दार बंद. नव्यानें आलेल्या खेड्यांतल्या मुलाचें अज्ञान हा त्यांचा विनोदाचा विषय. परदेशच्या मालकानें दडविलें तर तो लोभ, आणि यांनीं दडविलें तर ती रसिकता, हें आम्हांस कबूल नाहीं. जी वस्तु 'कला सर्वांची' या सबबीवर मिळविली ती चौघांपुरती कोंडून ठेवणारा मनुष्य मालकाहून अधिक दोषी. मालकास निदान कायद्याचा तरी आधार असतो.

तेव्हां आमचें म्हणणें थोडक्यांत असें. कलम बावन्नमध्यें पुस्तकाशेजारीं चित्रपटाचें नांव घालावें : जो चित्रपट या देशांत रीतसर मिळत नाहीं, त्याची प्रत सार्वजनिक ग्रंथालयास ठेवतां यावी. हौशी मंडळीच्या नाटकाशेजारींहि त्याचें नांव घालावें : असा चित्रपट पैसे न घेतां दाखविणें हा अपराध नसावा. मालकानें तो बाजारांत आणला, कीं सवलत संपली. मग प्रत्येकानें तिकीट काढून वा वर्गणी भरून पाहावें. रसिकांनींहि बंधन पाळावें : चालू चित्रपटास हात लावूं नये, प्रतीवर दमडी घेऊं नये, आणि खरोखर दुर्मिळ वस्तु हातीं आल्यास ती संग्रहालयास कळवावी.

कायदा बदलेपर्यंत हातांवर हात ठेवून बसण्याचेंहि कारण नाहीं. शाळेंत विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यापुरता चित्रपट दाखविण्यास हेंच कलम आजहि मोकळीक देतें. तिचा उपयोग किती शाळा करितात? चित्रपटावरील हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षें चालतो. १९६० सालीं प्रदर्शित झालेल्या चित्रपटावरील तो हक्क २०२० अखेर संपला. म्हणजे 'अयोध्येचा राजा', 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस' या साऱ्यांस त्या हक्काचें कुंपण उरलेलें नाहीं. पुण्याचें संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झालें आहे. लोकांच्या पैशावर जतन झालेल्या आणि हक्कांतून सुटलेल्या अशा चित्रपटांच्या चांगल्या प्रती त्यानें तालुक्याच्या ग्रंथालयांपर्यंत पोंचवाव्या, अशी मागणी प्रत्येक गांवच्या वाचनालयानें लेखी करावी. ती मागणी मान्य करण्यास लोकसभेचीहि गरज पडणार नाहीं.

१९३७ सालीं 'संत तुकाराम' व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविला गेला. देहूचा वाणी इटलीच्या लोकांनीं पाहिला, आणि त्यांस तो परका वाटला नाहीं. इटलीचा चोरीस गेलेली सायकल शोधणारा बाप कळंबच्या माणसास परका वाटेल, असें मानण्याचें कांहींच कारण नाहीं. त्या दोघांची गांठ पडूं न देण्याचा हक्क कोणासहि असतां कामा नये.