चार मिनिटांचा ड्रायव्हर



पेपरात रोज एक ओळ छापून येते. 'ट्रकचालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटले.' खाली मेलेल्यांची यादी. एका ओळीत खटला, एका ओळीत निकाल. वाचणारा चहाचा घोट घेतो, 'हे ट्रकवाले साले असेच' म्हणतो आणि पान उलटतो.

मी ट्रकवाला आहे. हेवी लायसनला अजून वर्षसुद्धा झालेलं नाही. म्हणून मलाच विचारणं भाग आहे. नियंत्रण सुटलं म्हणता, पण ते आमच्या हातात दिलं होतं कधी? कोणी दिलं? किती तास दिलं?

आमच्या वस्तीत बोर्ड लागला होता. मागासवर्गीय बेरोजगार तरुणांसाठी अवजड वाहनाचं मोफत प्रशिक्षण. १०० टक्के नोकरी. २५ हजार पगार. राहणं, जेवण, पीएफ, विमा. खाली नेत्याचा हसरा फोटो, वर बाबासाहेबांचा. वर बाबासाहेब लावले की खालची थाप कुणी तपासत नाही, हे या लोकांना पक्कं ठाऊक झालंय.

उद्घाटनाला हार, नारळ, भाषण. टोपी मिळाली, बॅग मिळाली, फोटो निघाला. मग हिशेब सुरू झाला. पोरं ३०. गाडी १, तीही जुनी सहाचाकी, कायम रिकामी. रोज २ तास. २ तासांची मिनिटं १२०, भागिले ३०. माणशी ४ मिनिटं. त्यातलं एक मिनिट सीटवर चढण्यात आणि आरसा लावण्यात जातं. उरल्या तीन मिनिटांत मैदानाला फेरी आणि 'चल उतर, पुढचा!' ३० दिवस रोज गाडी निघाली असती तरी माणशी २ तास झाले असते. रोज निघाली नाही. कधी रविवार, कधी डिझेल नाही, कधी बॅटरी उतरलेली, कधी मास्तर दुसऱ्या बॅचला पळालेला. कागदावर मात्र तास पुरे होते आणि खाली आमच्या सह्या होत्या. सही नाही तर सर्टिफिकेट नाही, हे पहिल्याच आठवड्यात दम देऊन सांगितलं होतं.

आता सरकारचाच कागद काढू. २०२१ च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात अवजड गाडीचा अभ्यासक्रम ३८ तासांचा आहे, ६ आठवड्यांचा. तिथून पास झालेल्याला आरटीओची चाचणीसुद्धा माफ. म्हंजे माणसाला ट्रक शिकायला किती वेळ लागतो हे दिल्लीला ठाऊक आहे, छापून ठेवलेलं आहे. मग ३८ आणि २ यांच्यामधले ३६ तास गेले कुठं? ते हवेत विरले नाहीत. ते कुणाच्या तरी खिशात आहेत. संस्थेला डोक्यामागं पैसे मिळतात. आमची डोकी मोजली जातात, डोक्यात काय घातलं ते कुणी मोजत नाही.

आणि वर आम्हाला म्हणायचं काय, तर 'लाभार्थी'! हा शब्द नीट चावून बघा, दोस्तांनो. डिझेल वाचवलं त्याला लाभ. मास्तर एकच ठेवला त्याला लाभ. उद्घाटनाचा फोटो छापून आला त्याला लाभ. अर्ज आमचा, जातीचा दाखला आमचा, आधार कार्ड आमचं, सही आमची. लाभ त्यांचा आणि 'लाभार्थी' आम्ही. बापजाद्यांच्या गळ्यात मडकं होतं, आमच्या गळ्यात सर्टिफिकेट लटकवलंय. दोन्ही ठिकाणी बांधणारा हात दुसऱ्याचाच.

१०० टक्के नोकरीचं काय झालं? एक फोन नंबर मिळाला. कळंबोलीतल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचा. त्यानं आधी आडनाव विचारलं. सांगितलं. मग गाव विचारलं. सांगितलं. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "चलेगा. गाडी ही तो चलानी है." पीएफ विचारला तर हसला. नेमणूकपत्र विचारलं तर ऑफिसातला पोऱ्यापण हसला. २५ हजार पगार म्हणजे फेरीवर पैसे. फेरी नाही तर पैसे नाहीत. बंदरात गाडी दोन दिवस रांगेत उभी राहिली तर तो वेळ माझा, मालकाचा नाही. माल कमी भरला, कापा. टायर फुटला, कापा. ई-चलान आलं, कापा. डिझेलचं अ‍ॅव्हरेज बसलं नाही, कापा. महिनाअखेर हातात काय उरतं ते आईला सांगायची लाज वाटते. ही लाज माझी नाही, पण वाहून मीच नेतो.

पहिलीच फेरी चाकणहून न्हावाशेवाला. कंटेनर लादलेला ट्रेलर, मागं २५ टन माल, पुढ्यात खंडाळ्याचा घाट. प्रशिक्षणात मी भरलेली गाडी एकदाही चालवली नव्हती. घाट तर सोडाच, मैदानात साधा चढसुद्धा नव्हता. लोणावळ्याच्या अलीकडं एका टपरीवर थांबलो. शेजारी एक म्हातारा उस्ताद बसला होता. माझ्याकडं बघून म्हणाला, "बेटा, पहली बार?" आणि एका चहात त्यानं ते सांगितलं जे ३० दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं. ज्या गियरला घाट चढशील त्याच गियरला उतर. गियर घाटाच्या तोंडाशी टाक, मधे बदलायला जाऊ नको. ब्रेक थांबायला असतो, उतरायला नाही. ब्रेकवर पाय ठेवून उतरलास तर ड्रम तापतो, लायनर धरत नाही, मग दोन्ही पायांनी दाब नाहीतर देवाला हाक मार, गाडी तुझी नाही. न्यूट्रल मारलंस तर इंजिनाची धर जाते. हवेच्या काट्यावर नजर ठेव. चहाचे पैसेपण त्यानंच दिले.

मी खाली उतरलो, जिवंत. पण हे काय शिक्षण झालं? तो म्हातारा त्या दिवशी टपरीवर नसता तर? २५ टनांचं लोखंड आणि माल घाटातून सोडताना राज्य, संस्था आणि मालक या तिघांनी मिळून भरवसा कशावर ठेवला होता, तर एका अनोळखी म्हाताऱ्याच्या माणुसकीवर!

पुण्याच्या नवले पुलाचा उतार तुम्हाला माहीत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथं एका ट्रकनं चाळीसच्या वर गाड्या चिरडल्या. गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये होती असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथंच पुन्हा कंटेनर सुटला, माणसं मेली. दरवेळी चर्चा होते वेगाची, कॅमेऱ्यांची, गतिरोधकांची. ड्रायव्हर न्यूट्रल का मारतो, हे कुणी विचारत नाही. मी सांगतो. डिझेलचं अ‍ॅव्हरेज आमच्या पगारातून कापलं जातं म्हणून मारतो. ज्या दिवशी मालक डिझेल मोजून पैसे कापायला लागला, त्या दिवशी त्यानं उतारावर न्यूट्रल मारायचा हुकूम दिला. लेखी नाही दिला एवढंच. जे मेले त्यांच्या घरच्यांनी आमच्या नावानं जरूर बोटं मोडावीत. पण एक बोट त्या वहीकडंही दाखवावं, जिच्यात लिटर लिहिलेले असतात.

२०२२ साली या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. यातल्या ७१ टक्के मृत्यूंपुढं केंद्र सरकारच्या अहवालात कारण लिहिलंय, अतिवेग. मग दारू, मोबाईल, उलट बाजू, सिग्नल तोडणं. म्हंजे सगळी कारणं ड्रायव्हरच्या अंगात भरलेली. लायसन होतं का, याचा रकाना आहे. लायसन कसं मिळालं, याचा रकाना नाही. किती तास शिकवलं, किती तास झोपला, फेरी किती वाजता पोचवायला सांगितली होती, नाही. जे मोजायचं नाही ठरवलं ते घडलंच नाही, असा हा सरकारी न्याय.

काही शहाणे म्हणतात, पूर्वीच्या ड्रायव्हरांना कोण शाळेत घालत होतं? बरोबर, कोणी नाही. ते क्लीनर म्हणून वर्षानुवर्षं डाव्या बाजूला बसले. उस्तादाचे पाय दाबले, भाकऱ्या थापल्या, कानफटात खाल्ली आणि बघून बघून शिकले. ती गुलामीच होती, ती आम्हाला परत नको. पण त्या गुलामीत निदान डावी सीट होती. मालकांनी तीपण काढली. क्लीनरचा खर्च वाचवला. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत, ही अट नियमांत होती, सरकारनं ती २०१८ मध्ये काढून टाकली. आता रात्री तीन वाजता केबिनमध्ये मी, माझी झोप आणि मालकाचा फोन. शिकवणारा गेला, जागं ठेवणारा गेला, जबाबदारी तेवढी वाढली.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. १९४६ च्या दुरुस्तीनं कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. १९६१ च्या कायद्यानं मोटार कामगारालाही दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास दिले. लांब पल्ल्याला १० आणि ५४. आमच्यातल्या किती जणांनी हे ४८ तास डोळ्यांनी पाहिलेत? तो कायदा ५ कामगार असलेल्या मालकाला तरी लागत होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी श्रमसंहिता आली आणि मर्यादा १० कामगारांवर नेली. चार गाड्यांच्या मालकाला आता पळवाटसुद्धा शोधावी लागत नाही, दारच उघडं आहे.

शिक्षेच्या वेळी मात्र आमची बरोबर आठवण होते. अपघात करून पळाल्यास १० वर्षांपर्यंत कैद, असं कलम न्यायसंहितेत आलं. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी चाकं थांबवली. पेट्रोल पंपांवर मोटरसायकलवाल्यांच्या रांगा लागल्या आणि आपली साखर, आपलं दूध, आपलं पेट्रोल कोण आणतं हे दोन दिवसांसाठी सगळ्यांना कळलं. १ जुलै २०२४ ला न्यायसंहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवावं लागलं. चक्का जाममध्ये ताकद आहे हे दिसलं. पण आपण तिथंच थांबलो. आपण म्हणालो, आम्हाला १० वर्षं नको. आपण हे नाही म्हणालो की ३८ तासांच्या जागी २ तास शिकवून खोटं सर्टिफिकेट देणाऱ्याला किती वर्षं? रात्रभर गाडी हाकायला लावणाऱ्याला किती? एफआयआरमध्ये त्यांची नावं कधी?

केंद्रीय मंत्री सांगतात, देशात २२ लाख ड्रायव्हर कमी आहेत. मालकांच्या सभांमध्ये रडारड असते, पोरं या धंद्यात येत नाहीत. खोटं आहे. पोरं येतात. चार मिनिटांत हाकलली जातात, मग पगारात लुटली जातात, मग जेलात जातात किंवा दरीत. कच्चा ड्रायव्हर यांना परवडतो. तो पगार वाढवून मागत नाही, त्याला कायदा माहीत नसतो, आणि गाडी पडली की त्याच्यावर ढकलता येतं. प्रशिक्षण न देणं हा यांचा गलथानपणा नाही. हा यांचा नफा आहे.

तेव्हा निवेदनं, शिष्टमंडळं आणि नेत्याबरोबरचे फोटो पुरे झाले. तुमच्या वस्तीत पुढची बॅच सुरू होईल तेव्हा प्रत्येकानं खिशात एक वही ठेवा. तारीख लिहा, स्टेअरिंगवर किती मिनिटं बसलात ते लिहा, गाडी भरलेली होती की रिकामी ते लिहा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. डोक्यामागं किती रुपये दिले, किती तास दाखवले, किती पोरं नोकरीला लागली आणि सहा महिन्यांनी किती टिकली. जे नोकरीत आहेत त्यांनी नेमणूकपत्र मागा. आता ते कायद्यानं द्यावं लागतं.

आणि खोट्या तासांवर सही करू नका. एकट्यानं नाही म्हटलं तर त्याचं सर्टिफिकेट जातं. तिसांनी मिळून नाही म्हटलं तर बॅचच जाते, आणि बॅच गेली की संस्थेचं बिल अडतं. बिल अडू द्या. मग बघा, मैदानात दुसरी गाडी कशी येते, भरलेली येते, आणि घाटापर्यंत जाते.

जय भीम.