नाका गेला, भिंत आली

‘नाका’ या शब्दाला इंग्रजीत मला अजून धड प्रतिशब्द मिळालेला नाही. ‘कॉर्नर’ म्हटलं की फक्त भूमिती उरते. मुंबईत आता तेवढीच उरते आहे.

कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून इतर दुकानदारांनी टाळली आणि ती इराण्यांना मिळाली, असं सांगतात. दोन्ही रस्त्यांवर उघडणारी दारं, वर गोल वळलेला सज्जा, एका चहावर तासभर बसू देणारा (कुरकुरत का होईना) मालक. त्याच जागी आज गाड्यांसाठी चारपाच मजल्यांचा पोडियम, जाळी आणि शिट्टी वाजवणारा रखवालदार.

चाळकऱ्यांना घरात संडास हवा, हे शंभर टक्के रास्त. रांगेतल्या बादल्यांचं स्मरणरंजन मला करायचं नाही. १९६९पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींसाठी ३३(७) आहे, तो वापरावाच. पण रहिवाशांच्या बैठकांत भांडण होतं ते चटईक्षेत्राचं, कॉर्पस फंडाचं. तळमजला रस्त्याशी कसा वागणार, हे कोणी विचारत नाही. करारावर सही करण्याआधी विकासकाला तेवढं विचारा: नाक्यावर दुकानांची दारं ठेवणार, की गाड्या?