अहवालातील ९९.९९ टक्के म्हणजे काय?

पोटगीचा दावा असो, वारसाहक्काचा तंटा असो की नवऱ्याच्या मनातला संशय असो, 'डी.एन.ए. करून घ्या' हे वाक्य आता वस्तीवस्तीत ऐकू येते. चाचणी होते, अहवाल हाती पडतो आणि त्यावर लिहिलेले असते : पितृत्वाची शक्यता ९९.९९ टक्के. मग कोणी तरी शहाणा विचारतो, "उरलेला ०.०१ कुणाचा?" अशा एका प्रश्नापायी संसार मोडू शकतो आणि लेकराला जन्मभर टोमणे ऐकावे लागतात. म्हणून हा आकडा कसा वाचावा, हे आज आपण नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट, हा आकडा मुलाची वाटणी सांगत नाही. मूल एकाच बापाचे असते. आकडा सांगतो ते खात्रीचे माप.

ते माप निघते कसे? डी.एन.ए.वरून माणूस ओळखण्याची रीत १९८४ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी शोधली. आज प्रयोगशाळा डी.एन.ए.मधील पंधरा-वीस किंवा त्याहून जास्त ठिकाणे तपासते. प्रत्येक ठिकाणी माणसाजवळ दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. समजा, एका ठिकाणी आईचे आकडे १२ व १४ आहेत आणि मुलाचे १४ व १७. यातला १४ आईचा, म्हणजे १७ बापाचा. ज्या पुरुषाची तपासणी चालू आहे त्याचे आकडे १५ व १७ असतील तर जुळले.

पण जुळले म्हणजे सिद्ध झाले का? नाही. १७ हा आकडा इतर पुरुषांजवळही असतो. समजा, समाजात दर दहा आकड्यांमागे एक १७ आढळतो. या पुरुषाकडून मुलाला १७ मिळण्याची शक्यता दोनात एक, तर कोणा परक्याकडून मिळण्याची दहात एक. म्हणजे या एका ठिकाणी पुरावा त्याच्या बाजूने पाचपट झाला. अशा सहा ठिकाणी पाचपट जुळणी झाली तर सहांचा गुणाकार १५,६२५ होतो. अहवालात यालाच पॅटर्निटी इंडेक्स म्हणतात. टक्क्यांपेक्षा हा आकडा आधी बघावा.

कारण टक्के काढताना प्रयोगशाळा सहसा असे धरून चालते, की हा पुरुष बाप असण्याची आणि नसण्याची शक्यता सुरुवातीला निम्मी-निम्मी आहे. इंडेक्स १०० असेल तर या हिशेबाने ९९ टक्के येतात. पण सुरुवातीची शक्यता निम्मी न धरता दहात एक धरली, तर तोच १०० चा इंडेक्स सुमारे ९२ टक्क्यांवर उतरतो. इंडेक्स १५,६२५ असला तर मात्र दहात एक धरूनही ९९.९४ टक्के येतात. यावरून दिसेल, की ९९ आणि ९९.९९ यांत केवळ एका टक्क्याचे अंतर नाही, पुराव्याच्या बळात मोठा फरक आहे.

शंभर टक्के का लिहीत नाहीत? जगातल्या बाकीच्या पुरुषांची तपासणी झालेली नसते म्हणून. तो ०.०१ म्हणजे बाईवरचा संशय नव्हे, गणिताचा प्रामाणिकपणा आहे. शून्य टक्के मात्र लिहिता येते, कारण अनेक ठिकाणी आकडे जुळलेच नाहीत तर तो पुरुष बाप असू शकत नाही. एखाद्याच ठिकाणी जुळले नाही तर लगेच नकार देत नाहीत. बापाकडून मुलाकडे जाताना क्वचित एखादा आकडा बदलतो.

आणखी दोन गोष्टी. वरचा सगळा हिशेब नात्यात नसलेल्या परक्या पुरुषाशी तुलना करून केलेला असतो. प्रश्न सख्ख्या भावाभावांतला असेल तर ते प्रयोगशाळेला आधीच सांगावे, कारण भावांचे बरेच आकडे सारखे असतात. आणि नमुना कोणाचा, हेच पक्के नसेल तर टक्क्यांना काही किंमत नाही. घरी गुपचूप घेतलेल्या नमुन्यावर म्हणूनच विसंबू नये.

आता कायदा. लग्न टिकून असताना जन्मलेले मूल नवऱ्याचेच मानले जाते. त्या काळात पतिपत्नींचा संबंध येणे शक्यच नव्हते, असे सिद्ध झाले तरच हे गृहीत बाजूला पडते. जुन्या पुरावा कायद्याचे हे ११२ वे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ११६ वे झाले आहे. ऊठसूट रक्ततपासणीचा हुकूम देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितले. २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका पोटगीच्या खटल्यात मात्र त्याच न्यायालयाने डी.एन.ए.चा स्पष्ट नकार कायद्याच्या गृहीतापेक्षा वरचढ मानला. २०२३ मध्ये पुन्हा बजावले, की आईबापांच्या भांडणात मुलाच्या जन्मावर सहजासहजी प्रश्नचिन्ह लावू नये.

आमच्या भगिनींनी हेही ध्यानात ठेवावे, की लग्नाबाहेर झालेल्या मुलालाही बापाकडून पोटगी मागण्याचा हक्क आहे. तिथे हीच चाचणी मुलाच्या उपयोगी पडते. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून मागे राहू नये. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जातींतील माणसे यांना उत्पन्नाची अट न लावता तालुका व जिल्हा विधी सेवा कार्यालयात मोफत वकील मिळतो.

तेव्हा अहवाल हाती आला की चावडीवर नेऊ नका. इंडेक्स किती, ठिकाणे किती तपासली, नमुने कोणासमोर घेतले, हे जाणकाराला विचारा. आणि निव्वळ संशयापोटी चाचणीला निघालेल्या बंधूंनी पाऊल उचलण्यापूर्वी एकदा लेकराच्या तोंडाकडे पाहावे. अहवाल काहीही येवो, त्याचा यात काडीचा अपराध नसतो.