शुद्ध उच्चाराचे सोवळे

गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असता आई म्हणाली, "चिवडा जर्मनच्या डब्यात आहे." अमेरिकेत वाढलेला माझा भाचा हसला. "आजी, जर्मन काय? अलूमिनम!" मी रसायनशास्त्राचा मास्तर, मला कसे राहवणार? "अॅल्युमिनियम म्हण," मी दटावले. आम्हां दोघा शहाण्यांचे चांगलेच जुंपले. आईने मुकाट्याने डबा आणून ठेवला आणि पुढे चार दिवस ती त्याला 'तो पांढरा डबा' म्हणत राहिली.

ते मला लागले. कारण बरोबर कोण होते? सर हम्फ्री डेव्ही या इंग्रजाने १८०८ साली या धातूचे नाव सुचवले ते 'अल्युमियम'. धातू वेगळा झाला १८२५ साली. म्हणजे बारसे आधी आणि बाळ मागाहून! १८१२ च्या ग्रंथात डेव्हीनेच ते 'अल्युमिनम' केले. तेव्हा लंडनच्या एका समीक्षकाला ते कानाला पुरेसे अभिजात वाटेना. त्याने 'अल्युमिनियम' पुढे केले. सोडियम, पोटॅशियमच्या पंगतीत ते शोभलेही. वेब्स्टरच्या १८२८ च्या अमेरिकन कोशात मात्र डेव्हीचाच शब्द राहिला. म्हणजे ज्याला आपण अमेरिकनांचा गावंढळपणा म्हणतो, तो मूळ इंग्रजाचाच शब्द! रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९० साली 'अल्युमिनियम' मान्य केले, आणि १९९३ साली दुसऱ्या रूपालाही पंक्तीत घेतले.

कोणी म्हणेल, मग शास्त्रात गोंधळच घालायचा का? मुळीच नाही. प्रयोगवहीत एकच वर्णलेखन पाळावे. पण स्वयंपाकघर ही प्रयोगशाळा नव्हे. 'जर्मन सिल्व्हर'मध्ये चांदीचा कणही नसतो, तरी त्या नावाबद्दल साहेबाला कोणी वर्गात उभे करीत नाही. आमच्या आयांनी डब्याला 'जर्मन' म्हटले की मात्र आम्हांला हसू फुटते! हे शुद्धतेचे प्रेम नव्हे. हा शिकलेल्यांचा माज आहे. उच्चारावरून मीही पुष्कळ पोरांना वर्गात हसू दिले. त्यांतली काही पुढे हात वर करीनाशी झाली, हे मला ठाऊक आहे.

यंदा भाचा पुन्हा येणार आहे. चिवडा तयार आहे. काल मीच आईला विचारले, "आई, जर्मनचा डबा कुठे ठेवलास गं?"

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "फळीवर. आणि झाकण नीट लाव."