अर्धवट अर्जाचीही नोंद हवी

माझ्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ भोपाळला राहतात. गावाकडच्या एका कामासाठी त्यांना संकेतस्थळावर सात पानांचा अर्ज भरायचा होता. पाचव्या पानावर वडिलोपार्जित जमिनीचा गट क्रमांक विचारला होता. तो साताऱ्याकडच्या भावाला फोन करून मिळवेपर्यंत अर्धा तास गेला. परत येऊन त्यांनी 'पुढे' ही कळ दाबली, तर 'आपले सत्र समाप्त झाले आहे' अशी सूचना आली आणि पाचही पाने कोरी झाली. असे तीनदा घडल्यावर त्यांनी पैसे मोजून दलालाकडून अर्ज भरून घेतला. जो मध्यस्थ हटवण्यासाठी आपण संगणक आणला, तोच असा मागच्या दाराने परत आला.

संगणकतज्ज्ञ याला तांत्रिक बाब म्हणतील. माझ्या मते हा प्रशासकीय निर्णय आहे आणि तो अधिकाऱ्यानेच घेतला पाहिजे.

वेबचा जो मूळ संदेशनियम, एचटीटीपी, त्याला स्मरणशक्ती नाही. प्रत्येक पानाची मागणी त्याच्या लेखी नवी असते. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ साली नेटस्केपमध्ये 'कुकी' जन्माला आली. कुकीत एक ओळखक्रमांक ठेवायचा आणि भरलेली माहिती सर्व्हरच्या तात्पुरत्या स्मृतीत, अशी पद्धत त्यातून रूढ झाली. ही स्मृती ठरावीक वेळाने पुसली जाते. सुरक्षिततेसाठी सत्राला मुदत हवीच, कारण सामायिक संगणकावर कोणी खाते उघडे ठेवून उठून जाऊ शकतो. परंतु आपण येथे दोन मुदती एक करून टाकतो. लॉगिन वीस मिनिटांत संपावे हे योग्य. त्यासोबत नागरिकाने लिहिलेली माहितीही संपावी, याला काहीच कारण नाही.

उपाय साधा आहे. पहिले पान भरताच डेटाबेसमध्ये अर्जाची नोंद व्हावी, तिला क्रमांक मिळावा आणि तिची अवस्था 'मसुदा' अशी लिहिली जावी. पुढचे प्रत्येक पान त्याच नोंदीत साठत जावे. यावर आक्षेप असा येतो की, अपुऱ्या नोंदींनी डेटाबेस बिघडेल. त्यासाठी मसुद्यांचा तक्ता वेगळा ठेवता येतो. पानापुरती तपासणी पानावर करावी आणि संपूर्ण अर्जाची तपासणी 'सादर करा' म्हटल्यावर. दोन खिडक्यांतून एकच अर्ज उघडला, तर जुनी प्रत नवीवर लिहिली जाऊ नये म्हणून प्रत्येक बदलाला आवृत्ती क्रमांक द्यावा. शुल्क घेण्यापूर्वी अर्ज क्रमांक पडलेला असला, की पैसे गेले पण अर्ज पोहोचला नाही, अशा तक्रारीचाही माग काढता येतो.

मसुदे कायम साठवू नयेत, हेही तितकेच खरे. ठरावीक दिवसांनंतर पूर्वसूचना देऊन ते नष्ट करावेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची दिशाही गरजेपुरतीच माहिती ठेवण्याची आहे.

आपल्या कार्यालयात नस्तीवरील टिपणी अर्धी राहिली म्हणून कोणी ती फाडून टाकत नाही. अधिकारी दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे लिहितो. जी सवलत आपण स्वतःला देतो, ती अर्जदाराला का नसावी?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार सेवेची मुदत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते. तेव्हा पाचव्या पानावर अडकलेला नागरिक कायद्याच्या दृष्टीने अजून दारातच आलेला नसतो. त्याचा विलंब कोणत्याही अहवालात दिसत नाही. मसुद्यांची नोंद ठेवली, तर कोणत्या पानावर माणसे थांबतात हे तरी कळेल आणि तो प्रश्न खरोखर आवश्यक आहे काय, याचा विचार करता येईल.

पुन्हा लॉगिन केल्यावर माहिती न गमावता काम पुढे चालू ठेवता यावे, हा निकष डब्ल्यू थ्री सी या संस्थेच्या २००८ च्या सुगम्यता तत्त्वांत आहे. मात्र तो सर्वांत वरच्या, ऐच्छिक म्हणाव्या अशा श्रेणीत. आपल्या निविदांमध्ये तो सक्तीचा करावा. आणि संकेतस्थळ स्वीकारण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्याने स्वतः अर्ज भरायला बसावे, मधेच उठून चहा घेऊन यावे, आणि मग 'पुढे' ही कळ दाबून पाहावी.