रूमवरची गोळ्यांची बाटली

नारायण पेठेतली एक रूम डोळ्यांसमोर आणा. चार कॉट, भिंतीवर टाइमटेबल, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. कुणी सांगलीचा, कुणी लातूरचा, कुणी जळगावचा. दिवसभर अभ्यासिका, दोन वेळा मेस, रात्री लकडी पुलापर्यंत एक चक्कर. आता समजा, या चौघांपैकी एकाच्या बॅगेत गोळ्यांची बाटली आहे. बाकीचे झोपले की तो गुपचूप गोळी घेतो. ज्या रात्री गप्पा दोनपर्यंत रंगतात, त्या रात्री गोळी राहते. कुणी बॅग उघडली की त्याच्या पोटात गोळा येतो. शेवटी तो बाटली गावीच ठेवून येतो. मग आठवडाभराचा खाडा.

तुम्ही म्हणाल, हा त्याचा पर्सनल मॅटर, आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट त्याच्या लिव्हरशी आहे.

ही गोळी एचआयव्हीवरची. १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांमधून हे उपचार मोफत द्यायला सुरुवात झाली; पुण्यात ससूनमध्येही असं केंद्र आहे. आज बहुतेकांना जी एकच गोळी मिळते, तिच्यात तीन औषधं असतात. त्यातली दोन, टेनोफोविर आणि लॅमिव्युडिन, हिपॅटायटिस बीच्या विषाणूलाही आवर घालतात. हे महत्त्वाचं का? कारण दोन्ही विषाणूंच्या वाटा सारख्याच: रक्त, असुरक्षित शरीरसंबंध, दूषित सुई, बाळंतपणात आईकडून बाळाला. त्यामुळे दोन्ही एकाच माणसाला होण्याची शक्यता असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात एचआयव्हीसह जगणाऱ्यांपैकी ७.४ टक्के लोकांना हिपॅटायटिस बीही आहे. म्हणजे साधारण दर तेरा-चौदा जणांमागे एक.

निरोगी प्रौढाला हिपॅटायटिस बी झाला, तर शंभरातल्या पंचाण्णव जणांचं शरीर तो स्वतःच हुसकावून लावतं. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खचलेली असेल, तर तो मुक्काम ठोकण्याची शक्यता वाढते आणि लिव्हर लवकर खराब होतं. म्हणूनच खाडा इथे दुप्पट महाग पडतो. गोळी अचानक बंद झाली की इतके दिवस दबलेला लिव्हरचा विषाणू उसळी मारू शकतो. कावीळ होते, कधी जिवावर बेततं. ‘लोक काय म्हणतील’ची किंमत अशी मोजावी लागते.

उलट बाजूही लक्षात ठेवा. कुणाला फक्त हिपॅटायटिस बी आहे असं समजून त्यावरचं एकच औषध सुरू केलं आणि एचआयव्हीची तपासणी केलीच नाही, तर एचआयव्हीचा विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणून दोनपैकी एक सापडला की दुसऱ्याची टेस्ट करायचीच.

‘कावीळ’ म्हटलं की आपल्याला पावसाळ्यातलं खराब पाणी आणि ‘उतरवणारे’ बाबा आठवतात. पाण्यातून पसरते ती कावीळ ए आणि ई प्रकारची. बी पाण्यातून येत नाही. एका ताटात जेवून, मिठी मारून, एक बाथरूम वापरून तो होत नाही. एचआयव्हीही होत नाही. पण रूमवर सगळ्यांत मिळून एकच रेझर असेल, तर मात्र जरा थांबा. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. रेझर, टूथब्रश, नेलकटर ज्याचं त्याचं. टॅटू काढताना सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढायला लावा, शाईही नवीन छोट्या कपात ओतायला सांगा. सलूनमध्ये नवं ब्लेड मागायला लाजू नका.

आता प्रश्न तुम्हालाच. तुमची लस झाली आहे का? हिपॅटायटिस बीची लस देशभरातल्या सरकारी लसीकरणात आली ती २०११ मध्ये. तुमचा जन्म त्याच्या आधीचा. काहींना लहानपणी मिळालीही असेल. आज घरी फोन करून आईला लसीचं कार्ड शोधायला सांगा. नसेल मिळाली, तर डॉक्टरांना विचारा. साधारण सहा महिन्यांत तीन डोस, बस्स. एचआयव्हीसह जगणाऱ्यांमध्ये ही लस थोडी कमी जोमानं काम करते, म्हणून त्यांच्या डोसचं वेळापत्रक डॉक्टरच ठरवतात. आणि गणेशोत्सवातल्या शिबिरात ‘रक्त दिलं की टेस्ट आपोआप होते’ हा शॉर्टकट नको. अगदी नवी लागण चाचणीत सुटू शकते आणि ते रक्त दुसऱ्या कुणाच्या तरी अंगात जायचं असतं. शंका असेल तर सरळ टेस्ट करा. एचआयव्हीची माहिती हवी असेल तर १०९७ हा हेल्पलाइन नंबर मोफत आहे.

राहिला तो चौथा कॉट. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. या कारणावरून कुणाला कॉलेजातून, नोकरीतून किंवा भाड्याच्या खोलीतून काढणं कायद्यानं भेदभाव ठरतो. पण रात्री अकराला रूममध्ये कायदा येऊन बसत नाही. तिथे तुम्हीच असता.

म्हणून कुणाच्या टेबलावर गोळ्या दिसल्या, तर ‘हे कशाचं रे?’ विचारू नका. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो तर चुकूनही नको. त्यानं आपणहून सांगितलं, तर ऐकून घ्या, स्वतःपाशीच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखंच ‘चल, जेवायला’ म्हणा. रूममध्ये गोळी लपवावी लागली नाही, तर ती वेळेवर घेतली जाईल. त्यासाठी तुम्हाला डॉक्टर व्हायची गरज नाही. तुम्ही चांगले रूम पार्टनर असलात तरी पुरे.