घोडा का अडला? विद्या का विसरली? – इव्हेंटिंग, प्रवास आणि विद्यार्थी जीवन



आजीने घातलेलं एक जुनं कोडं तुम्हाला आठवत असेल. पान का सडलं? घोडा का अडला? विद्या का विसरली? भाकरी का करपली? चारही प्रश्नांचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे! आता विचार करा, यातला घोडा आणि विद्या एकाच मुलाच्या वाट्याला आले तर? दोन्ही रोज फिरवायला हवेत आणि दिवस तर चोवीस तासांचाच. इव्हेंटिंग करणाऱ्या विद्यार्थ्याचं आयुष्य नेमकं असंच असतं.

इव्हेंटिंग म्हणजे काय, ते आधी थोडक्यात पाहू. घोडेस्वारीच्या या स्पर्धेत तोच स्वार आणि तोच घोडा तीन परीक्षा देतात. पहिली ड्रेसाज. यात आखलेल्या रिंगणात ठरलेल्या चाली नेमकेपणाने करून दाखवायच्या. दुसरी क्रॉसकंट्री. यात मोकळ्या रानात ओंडके, चर आणि पाणी ओलांडत वेगाने धावायचं. अडथळ्यापुढे घोडा अडला की 20 दंडगुण आणि ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला की सेकंदाला 0.4 दंडगुण. तिसरी शो-जंपिंग. इथे आडवी दांडी पडली की 4 दंडगुण. ज्याचे दंडगुण सगळ्यात कमी, तो विजेता.

हा खेळ जन्मला तो सैन्यातल्या घोड्यांची कसोटी पाहण्यासाठी. 1912 साली तो ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हा त्यात फक्त लष्करी अधिकारी उतरत. घोडा सांभाळणं हीच त्यांची नोकरी होती. आज मात्र 14 ते 18 वर्षांच्या मुलामुलींसाठी आंतरराष्ट्रीय ज्युनियर गट आहे. म्हणजे नववी-दहावीची परीक्षा देणारी मुलं! खेळ पूर्णवेळचाच राहिला, खेळाडू मात्र शाळकरी झाले. खरी ओढाताण इथे सुरू होते.

क्रिकेट खेळणारा मुलगा परीक्षेच्या महिन्यात बॅट कपाटात ठेवू शकतो. घोडा कपाटात ठेवता येत नाही! त्याला चंदी, पाणी, खरारा, फेरफटका सगळं रोज लागतं. पागेत मोतद्दार असला तरी घोड्याशी नातं जुळायचं तर स्वाराने स्वतः त्याच्याजवळ असावं लागतं. प्रवासाचंही तसंच. स्पर्धा तीन दिवसांची असली तरी घोड्याला गाडीतून न्यायचं, त्याची कागदपत्रं आणि लसीकरण दाखवायचं, पशुवैद्यांकडून तपासून घ्यायचं, शीण घालवायला वेळ द्यायचा. बघता बघता शाळेचा आठवडा बुडतो.

परदेशातल्या स्पर्धांचं तर विचारूच नका. रोगनियंत्रणाच्या नियमांमुळे भारतातला घोडा युरोपात नेणं फार अवघड राहिलं आहे. म्हणून मोठं स्वप्न पाहणाऱ्या भारतीय स्वारांना घर सोडून युरोपातल्या घोड्यांवर सराव करावा लागला. जुलै 2025 मध्ये मेरठच्या लष्करी पशुवैद्यकीय केंद्रातल्या अश्वरोगमुक्त विभागाला जागतिक मान्यता मिळाली. त्यामुळे पुढची वाट थोडी सोपी होईल अशी आशा आहे.

बंगळुरूचा फवाद मिर्झा हे याचं उत्तम उदाहरण. लहानपणापासून घोड्यांत वाढलेल्या या मुलाने इंग्लंडमध्ये पदवी घेतली आणि पुढे जर्मनीत राहून सराव केला. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्याने इव्हेंटिंगचं वैयक्तिक रौप्यपदक मिळवलं. घोडेस्वारीत भारताला वैयक्तिक पदक मिळालं ते 1982 नंतर थेट तेव्हा! टोकियो ऑलिंपिकमध्ये तो 23 वा आला. त्याआधी ऑलिंपिकमध्ये उतरलेला भारतीय स्वार होता मुंबईचा इम्तियाझ अनीस, 2000 साली सिडनीत. मधे वीस वर्षं कोणीच नाही. या वीस वर्षांत किती मुलांनी ‘आधी शिक्षण, मग बघू’ असं ऐकून लगाम खाली ठेवला असेल?

मीही हे वाक्य एका विद्यार्थिनीला ऐकवलं आहे. “आधी दहावी कर, घोडा काय पळून जातोय का?” ती म्हणाली, “सर, पळून नाही जाणार, पण म्हातारा होईल.” मला उत्तर सुचलं नाही. घोड्याची उमेदीची वर्षं मोजकी असतात, हे मला तिने शिकवलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. शाळेने खेळाडूला गुणांपेक्षा वेळ द्यावा. आपल्याकडे दहावी-बारावीच्या खेळाडूंना वाढीव क्रीडागुण मिळतात, ते चांगलंच आहे. पण गुण ही नंतरची भरपाई झाली. बुडालेली चाचणी पुढच्या आठवड्यात घेणं, स्पर्धेचे दिवस हजेरीत धरणं, चुकलेला धडा समजावून देणं, यांची गरज जास्त आहे. काहीजण म्हणतील, “हा श्रीमंतांचा खेळ, त्यांचं आम्हाला काय?” खेळ महागडा आहे, हे मान्य. पण हाच नियम आखाड्यातल्या मुलाला आणि कबड्डीच्या मुलीलाही लागू होईल, तेव्हा फायदा सगळ्यांचाच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडूनही काही अपेक्षा आहेत. वर्षाच्या सुरुवातीलाच परीक्षा आणि स्पर्धा एकाच कॅलेंडरवर मांडा. तारखा जिथे भिडतील तिथे काय सोडायचं ते तेव्हाच ठरवा आणि शिक्षकांना आधी सांगा. परीक्षेच्या महिन्यात घोडा दुसऱ्या भरवशाच्या स्वाराकडे सोपवा, त्यात कमीपणा नाही. प्रवासात रोज तासभर तरी पुस्तक उघडा. आणि झोप कधीही कापू नका! पेंगत अभ्यास केला तर एखादी ओळ सुटेल. पेंगत क्रॉसकंट्री केली तर समोरचा ओंडका भक्कम असतो, तो सहजासहजी पडत नाही. पडतात ते घोडा आणि स्वार.

समतोल म्हणजे दिवसाचे दोन सारखे तुकडे नव्हेत. कधी घोड्याला जास्त द्यावं लागेल, कधी पुस्तकाला. पण दोघांनाही रोज थोडं फिरवलं, तर ना घोडा अडेल, ना विद्या विसरेल.

तुमच्या शाळेत खेळाडू मुलांना असा वेळ मिळतो का? आज वर्गात हा प्रश्न नक्की विचारा.